थव्यातला वेगळा: शहरी पाणकाठावर हिवाळ्यातले अनवट पक्षी कसे शोधावेत

१९७५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, न्यूबरीपोर्ट नावाच्या बंदराच्या गावी, बोनापार्ट कुरवांच्या (कुरव म्हणजे सीगल) थव्यात एक कुरव जरा वेगळा दिसत होता. शेपटी पाचरीसारखी, अंगावर गुलाबी झाक. तो निघाला रॉसचा कुरव. हा पक्षी सैबेरियाच्या उत्तर टोकाकडे वीण करतो आणि माणसांच्या वस्तीजवळ फार क्वचित येतो. त्याला पाहायला देशभरातून माणसं आली. मला या गोष्टीतली एक बाब सगळ्यात मोलाची वाटते: तो कुठल्या दुर्गम बेटावर सापडला नव्हता. गावाच्या धक्क्यासमोर, रोजच्या कुरवांमध्ये होता, आणि ज्यांना रोजचे कुरव नीट माहीत होते त्यांनाच तो वेगळा कळला.

नवख्या पक्षीनिरीक्षकाला वाटतं, की दुर्मिळ पक्षी शोधायला नशीब लागतं किंवा महागडी दुर्बीण तरी. माझा अनुभव वेगळा आहे. ओळखीचा पट्टा, ओळखीचे पक्षी आणि परत परत जाण्याची तयारी एवढ्यावर हे काम चालतं. शहरातला पाणकाठ त्यासाठी उत्तम, कारण तिथे पोहोचणं सोपं असतं. समुद्र असो, खाडी असो, मोठी नदी असो की तलाव, पुढचं सगळं थोड्याफार फरकाने लागू पडतं.

"अनवट" म्हणजे काय हेही आधी ठरवून घेऊ. काही पक्षी खरोखर वाट चुकून येतात. वादळाने ढकललेले किंवा स्थलांतरात चुकीच्या दिशेला लागलेले. काही दर हिवाळ्यात येतात, पण हजारांत दोन-चार या प्रमाणात. आणि काही दरवर्षी आपल्या समोरच असतात, फक्त कोणी नीट पाहिलेले नसतात. नवशिक्याच्या हाती सर्वाधिक लागतात ते या तिसऱ्या प्रकारचे, आणि तो आनंदही काही कमी नसतो.

एकच पट्टा धरा

पहिल्या हिवाळ्यात दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहादा जा. दोन-तीन किलोमीटरचा पट्टा पुरे. त्यात पाच-सहा थांबे ठरवा आणि प्रत्येक वेळी त्याच थांब्यांवर, त्याच क्रमाने उभे राहा. मागच्या वेळेशी तुलना त्यामुळेच करता येते.

थांबे निवडताना नकाशाकडे पक्ष्याच्या नजरेनं पाहा. शहराच्या काठावर पक्ष्यांना तीन गोष्टी हव्या असतात: खायला काहीतरी, वाऱ्यापासून आडोसा आणि भरतीच्या वेळी कोरडं राहून विसावायला जागा. नाल्याचं किंवा सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे अन्न भरपूर असतं, म्हणून कुरव आणि बदकं तिथे गोळा होतात. जागा देखणी नसते, वासही येतो, तरी ती टाळू नका. गोदीच्या आतलं शांत पाणी वादळी दिवसांत पाणबुड्या पक्ष्यांना ओढून घेतं. लाटारोधक बांधाचे दगड म्हणजे खडकाळ किनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठी माणसाने बांधून दिलेला खडकच. वायव्य युरोपात आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पर्पल सँडपायपर नावाची तुतारी (काठावर टिपून खाणारा छोटा पक्षी) हिवाळ्यात अशाच बांधांवर हमखास शोधली जाते. नदीचं मुख, चिखलाचा पट्टा, मासळी उतरवायचा धक्का, जुने लाकडी खांब, पाण्यालगतचं मोकळं गवत, कोपऱ्यातला झुडपांचा तुकडा, सगळ्यांवर एकेक खूण करा.

जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची: न गोठलेलं पाणी. आतल्या भागातली तळी गोठली की तिथली बदकं उघड्या पाण्याकडे सरकतात, आणि शहरात कोमट पाणी सोडणारी वीजकेंद्रं, वाहत्या नद्या, सतत जहाजं ये-जा करणारी बंदरं असतात. गोठण जितकी कडक तितके पक्षी त्या लहानशा उघड्या तुकड्यात दाटीनं बसतात. एरवी वीस किलोमीटरवर पसरलेली बदकं एका नजरेच्या टप्प्यात येतात. अशा आठवड्यात बाकीची कामं बाजूला ठेवून जावं, असं मी मनापासून सांगेन.

शहरातली उंच आणि उघडी ठिकाणंही यादीत घ्या. बहिरी ससाणा उंच इमारतीवर, पुलाच्या खांबावर किंवा मनोऱ्यावर बसून पाण्यावरचे थवे न्याहाळत असतो. उत्तर अमेरिकेत ज्या हिवाळ्यांत पांढरी ध्रुवीय घुबडं मोठ्या संख्येनं दक्षिणेकडे उतरतात, उदाहरणार्थ २०१३-१४ मध्ये, तेव्हा ती विमानतळांच्या मोकळ्या मैदानांवर आणि बंदरांच्या बांधांवर दिसतात. झाडं नसलेली सपाट उघडी जमीन त्यांना आपल्या टुंड्रासारखी वाटत असावी.

आधी रोजचे पक्षी

नवख्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, आणि माझ्या मते सगळं यश याच भागावर अवलंबून असतं. तुमच्या पट्ट्यावर हिवाळ्यात नेहमी दिसणाऱ्या वीस-पंचवीस पक्ष्यांची यादी करा. ई-बर्ड हे नोंदींचं संकेतस्थळ कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीशास्त्र प्रयोगशाळा आणि ऑड्युबॉन सोसायटी ही पक्षीसंरक्षण संस्था यांनी २००२ साली सुरू केलं. त्यावर आपल्या भागात कोणता पक्षी कोणत्या आठवड्यात किती वेळा नोंदला गेला याचे आलेख पाहायला मिळतात. यादीचा पाया तिथून घ्या, मग तिच्यातला प्रत्येक पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

पाहा म्हणजे नावापुरता नव्हे. काळ्या डोक्याचा कुरव हिवाळ्यात काळ्या डोक्याचा नसतोच. डोकं पांढरं होतं आणि डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका उरतो. उडताना पंखाची पुढची कडा पांढरी चमकते. तपकिरी डोक्याचा कुरव त्याच्यासारखाच, पण अंगानं थोराड, प्रौढ असेल तर डोळा फिका, आणि पंखांची टोकं काळी असून त्यात पांढरे टिकले. हे दोन पक्षी दुरून, उन्हात, सावलीत, बसलेले, उडताना, झोपलेले असे सगळे पाहून झाले, की त्यांच्यात बसलेला सडपातळ चोचीचा कुरव आपोआप डोळ्यात भरतो: मान लांब, कपाळ उतरतं, चोच लांब, कानाजवळचा ठिपका अगदी पुसट किंवा नाहीच. त्याचं चित्र पुस्तकात शंभरदा पाहूनही हे जमत नाही.

मी एका हिवाळ्यात शेंडी बदकांचा एकच थवा सलग तीन रविवार मोजला आणि पुढे गेलो. चौथ्या रविवारी ढगाळ उजेड होता, थवा जवळ आला होता, आणि एका नराची पाठ काळी नसून राखाडी दिसली. डोक्याला शेंडी नाही, डोकं गोल, चोचीच्या अगदी टोकावर तेवढा काळा ठिपका. तो स्कॉप होता, शेंडी बदकासारखंच दिसणारं दुसरं बदक. आधीच्या तीन रविवारीही तो तिथे असणार, याची मला आजही खात्री वाटते. मी थवा मोजत होतो, पण एकेक बदक पाहत नव्हतो.

साहित्याबद्दल थोडक्यात. ८×४२ ची दुर्बीण सुरुवातीला सर्वांत सोयीची. आठपट मोठं दिसतं, ४२ मिलिमीटरच्या भिंगातून सकाळच्या अंधुक उजेडातही पुरेसा प्रकाश येतो, आणि हात थरथरला तरी चित्र फार हलत नाही. मोठ्या पाण्यावर पुढे कधीतरी स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) आणि भक्कम तिपाई लागेल. पहिल्या वर्षी ओळखीच्या कुणाच्या स्कोपमधून पाहा. वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा.

वेळ कशी निवडायची

समुद्रकाठी घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोठं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पूर्ण ओहोटीला चिखलावरचे पक्षी इतके दूर पांगतात, की दुर्बिणीतून फक्त ठिपके दिसतात. पाणी चढू लागलं की तेच पक्षी पावलापावलानं काठाकडे येतात. म्हणून भरतीच्या आधीचे दोन तास माझे आवडते. पाणी अगदी भरलं की पक्षी कुठेतरी गोळा होऊन विसावतात: धक्क्याची कड, बुडालेल्या बोटीची पाठ, सपाट छप्पर, मिठागराचा बांध. ही विसाव्याची जागा एकदा सापडली की तुमच्या पट्ट्याचा कणा सापडला, कारण एरवी मैलभर पसरलेले सगळे पक्षी तिथे खांद्याला खांदा लावून उभे असतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. पाणी फार वर येतं, फार मागे जातं, आणि नेहमीच्या विसाव्याच्या जागा बुडाल्यामुळे पक्षी नव्या, कधीकधी अगदी जवळच्या जागी येतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत हा फरक कमी. बाल्टिक आणि भूमध्य समुद्रात, तसंच मोठ्या तलावांवर भरती-ओहोटी जवळपास जाणवत नाही. तिथे पाण्याची पातळी आणि पक्ष्यांची जागा वारा ठरवतो.

वारा पाण्याकडून किनाऱ्याकडे एक-दोन दिवस जोरात वाहिला, की खुल्या समुद्रावरचे पक्षी काठाजवळ ढकलले जातात. वादळ चालू असताना काठावर जाऊ नका. ते ओसरल्यानंतरची पहिली सकाळ साधा. दमलेले पक्षी तेव्हा गोदीत, बांधाच्या आडोशाला, कधी शहरातल्या बागेच्या तळ्यातही उतरलेले असतात.

उजेडाचं गणित सोपं आहे: सूर्य पाठीशी हवा. पट्टा पूर्वेकडे तोंड करून असेल तर संध्याकाळी जा, पश्चिमेकडे असेल तर सकाळी. सूर्यासमोरचे कुरव सगळे काळे दिसतात आणि त्यांच्यावर तासभर घालवून काही मिळत नाही. कुरवांसाठी मला ढगाळ दिवस उन्हापेक्षा बरा वाटतो, कारण भगभगीत उन्हात पाठीच्या राखाडी रंगाच्या छटा पुसून जातात. आणि सकाळी जात असाल तर पहिली फेरी लवकर, फिरायला येणारी माणसं, कुत्री आणि बोटी सुरू होण्याआधी.

थवा कसा वाचायचा

पोहोचल्याबरोबर दुर्बीण डोळ्याला लावू नका. पाच मिनिटं नुसते उभे राहा. कुठे हालचाल आहे, कुठे थवा एकाएकी उठतो, पाणी कुठे खळबळतंय. चिखलावरचे सगळे पक्षी एकदम उठून आभाळात गोळा होऊन वळू लागले, तर वर पाहा. बहुधा ससाणा असतो.

मग एका टोकापासून सुरुवात करा. डावीकडून उजवीकडे, दुर्बिणीचं एक दृश्य संपलं की थोडं मागचं दिसेल इतपतच सरकायचं. प्रत्येक पक्ष्यावर क्षणभर थांबायचं. शक्य तर मोजायचं, कारण मोजताना डोळा आपोआप प्रत्येकावर थांबतो. टोकाला पोहोचलात की उलट दिशेनं परत या. पहिल्या फेरीत झोपलेला, पाठमोरा किंवा दुसऱ्याच्या आड असलेला पक्षी दुसऱ्या फेरीत तोंड वळवतो. तिसरीही फेरी करा. मी अनवट म्हणावेत असे जे पक्षी पाहिले, त्यांतले बरेच दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतले.

शोधायचं काय? आधी "कोण" नाही, तर "कोण वेगळा". बाकीच्यांपेक्षा थोडा मोठा, थोडा लहान, एक छटा गडद, एक छटा फिका, पाय लांब. रंगापेक्षा वागणं लवकर सांगतं. सगळे चोच खुपसून खातायत आणि एक धावतो-थांबतो-टिपतो, म्हणजे तो चिखल्यांपैकी (प्लोव्हर). सगळे काठावर आणि एक पोटापर्यंत पाण्यात, तर त्याचे पाय पाहा. हाँगकाँगजवळच्या माय पो पाणथळीत आणि त्यालगतच्या उपसागरात, शेनझेनच्या उंच इमारती समोर दिसत असताना, हिवाळ्यात काळ्या तोंडाचे चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) उतरतात. हा जगात मोजकाच उरलेला पक्षी. कधी त्यांच्याबरोबर नेहमीचा युरेशियन चमचाही असतो. झोपलेल्या थव्यात चोच पिसांत खुपसलेली असताना त्यांना वेगळं करायचं तर चेहऱ्याची काळी कातडी दिसेपर्यंत वाट पाहावी लागते. वाट पाहणं हाही या कामाचाच भाग.

उडताना पक्षी जे दाखवतो ते बसल्यावर लपतं. हिवाळ्यात करडा चिखल्या आणि सोन चिखल्या दुरून सारखेच मातकट. पण करड्याने पंख उचलले की काखेत काळा डाग स्पष्ट दिसतो, सोन चिखल्याला तो नसतो. कर्ल्यू सँडपायपर आणि डनलिन या दोन तुताऱ्यांचंही तसंच: कर्ल्यू सँडपायपर उडाला की शेपटीच्या वर पांढरा पट्टा सलग दिसतो, डनलिनच्या त्याच पट्ट्याला मधोमध गडद रेघ असते. म्हणून थवा आपणहून उठला तर नाव शोधत बसू नका, नजर पंखांवर आणि शेपटीच्या मुळाशी ठेवा. मुद्दाम मात्र त्याला कधीही उठवू नका.

पाणबुड्या पक्ष्यांसाठी पद्धत बदलावी लागते. पाणबुडी, लून, पाणकावळा, बुडी मारणारी बदकं यांच्यातला प्रत्येक जण अर्धा-एक मिनिट पाण्याखाली असू शकतो. तुम्ही एकदा नजर फिरवली तेव्हा रिकामं दिसलेलं पाणी रिकामं नसतं. एका ठिकाणी दुर्बीण स्थिर धरून सावकाश साठपर्यंत मोजा, मग पुढच्या तुकड्याकडे वळा. समुद्री बदकं कधीकधी सगळी मिळून एकदम बुडी मारतात आणि एकदम वर येतात. वर येण्याच्या क्षणी मोजणी करायची.

कुरवांसाठी वेगळा वेळ

कुरवांना बरेच जण कंटाळतात, म्हणूनच त्यांच्यात सापडण्यासारखं सर्वाधिक उरतं. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या नायगारा नदीवर नोव्हेंबर-डिसेंबरात धबधब्याखाली आणि वीजकेंद्रांजवळ प्रचंड संख्येने कुरव जमतात. तिथे आजवर १९ प्रकारचे कुरव नोंदले गेले आहेत.

गोंधळ होतो तो वयामुळे. मोठे कुरव प्रौढ पिसारा यायला साधारण चार वर्षं घेतात, मध्यम आकाराचे तीन, लहान दोन. म्हणजे एकाच जातीचे पक्षी तपकिरी ठिपकेदार, अर्धे तपकिरी अर्धे राखाडी, आणि स्वच्छ पांढरे-राखाडी असे सगळे एका थव्यात असतात. नवख्याला त्या चार जाती वाटतात. तुमच्या पहिल्या हिवाळ्यात या तपकिरी, कमी वयाच्या कुरवांच्या वाटेला जाऊ नका. प्रौढ तेवढे निवडा आणि या क्रमाने पाहा: पाठीची छटा शेजाऱ्याच्या तुलनेत गडद की फिकी, पायांचा रंग, चोचीचा रंग आणि जाडी, डोळा फिका की गडद, पंखाच्या टोकांवर काळं किती आणि पांढरे टिकले किती. छटा कधीही एकट्या पक्ष्यावरून ठरवू नका. पक्षी थोडा वळला तरी ती बदलल्यासारखी वाटते. त्याच दिशेला तोंड करून बसलेल्या शेजाऱ्याशीच तुलना करा.

बसलेला थवा उडण्याआधी पंख ताणतो, एखादा पाय झटकतो, जांभई देतो. त्या एका क्षणात पंखाचं टोक पूर्ण उघडतं. स्कोप असेल तर अशा वेळी फोन भिंगाला लावून सरळ चित्रफीत घ्या. नंतर एकेक चौकट थांबवून पाहता येते.

वेगळा दिसला, आता?

आधी एक-दोन फोटो, कितीही वाईट असले तरी. मग फोन खिशात आणि वही हातात. पुस्तक किंवा अॅप उघडण्याआधी जे दिसतंय ते लिहा: आकार कोणाएवढा, चोच, पाय, डोकं, पाठ, पोट, पंखाची खालची बाजू, आवाज, काय करत होता, उजेड कुठून, अंतर किती. चित्र आधी पाहिलं की डोळ्याला चित्रातलंच दिसू लागतं, हा धोका अनुभवी माणसांनाही असतो.

मग स्वतःशी वाद घाला. हा नेहमीच्याच जातीचा, पण वेगळा दिसणारा पक्षी तर नाही ना? काही पक्ष्यांत रंगद्रव्य कमी असल्याने पांढरे डाग पडतात किंवा सगळं अंग फिकट होतं. तेलाने माखलेला पांढरा पक्षी गडद दिसतो. बदकांत संकर नेहमीचे. आणि शहरात पाळलेले पक्षी सुटून येतात: २०१८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या तळ्यात एक मँडरिन बदक आलं, जगभर त्याचे फोटो गेले, पण पूर्व आशियातला तो पक्षी तिथे आपणहून आलेला नव्हता, त्याच्या पायात कडं होतं. म्हणून दुर्मिळ बदकाचे पाय दिसेपर्यंत थांबा, आणि ते माणसांना किती जवळ येऊ देतं तेही लिहा.

रानटी पक्ष्याच्या पायातलं कडं वेगळं, ते संशोधकांनी घातलेलं असतं. रंगीत कडी किंवा झेंडी दिसली तर कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, वरून खाली रंगांचा क्रम, अक्षरं असतील तर ती, इतकं टिपून कळवा. उत्तरात त्या पक्ष्याचा सगळा प्रवास मिळतो, आणि समोरच्या चिखलाचा अर्थच बदलतो.

नोंद करताना खात्री नसेल तर "स्कॉप किंवा शेंडी बदक" असं लिहायला मुळीच संकोचू नका. खात्री नसलेली प्रामाणिक नोंद पुढच्याला उपयोगी पडते, चुकीच्या नावाची नोंद दिशाभूल करते.

पक्ष्याला त्रास नको, स्वतःलाही

२०२२ मध्ये उपग्रह-यंत्र बसवलेला पट्टेरी शेपटीचा एक गॉडविट (लांब चोचीचा किनारपक्षी) अलास्कातून निघून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर न थांबता उडाला. ११ दिवस. वय जेमतेम पाच महिने. चिखलात चोच खुपसणारा कोणताही पक्षी पाहताना हे आठवावं. हिवाळ्यातले दिवस लहान, खाण्याचे तास मोजके, आणि आपण प्रत्येक वेळी उडवला की त्याने साठवलेली चरबी जळते. पक्षी खाणं थांबवून मान ताणू लागला म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ गेलात, मागे या. भरतीच्या विसाव्याच्या जागेपासून लांबच राहा. पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावणं, फोटोसाठी घुबडाला उंदीर टाकणं, पाव फेकणं, यातलं काहीही करू नका. विसावलेल्या घुबडाची नेमकी जागा लगेच जाहीर करू नका. ई-बर्ड स्वतःही काही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणं लपवतं, ते याच कारणासाठी.

तुमच्यासाठी: शेवाळलेले दगड ओले दिसत नसले तरी निसरडे असू शकतात. बांधावर उभं असताना पाण्याकडे पाठ करू नका. चिखलात उतरू नका, आणि चढत्या भरतीत परतीची वाट कोरडी आहे का ते दर काही मिनिटांनी पाहा. बंदरांचे काही भाग बंद असतात आणि तिथे दुर्बीण किंवा कॅमेरा रोखणं गैरसमजाला आमंत्रण ठरतं. आधी विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी परत

रिकाम्या हाताने परतण्याचे दिवस जास्त असतील. त्या दिवशीही सगळी मोजणी लिहा. नव्हता हेही लिहा. २५ डिसेंबर १९०० रोजी पक्षीशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या सांगण्यावरून उत्तर अमेरिकेत २७ जणांनी पहिली नाताळ पक्षीगणना केली, ती अजून चालू आहे. जगभरातली पाणपक्ष्यांची हिवाळी गणना १९६७ पासून जानेवारीत होते. या गणनांना आपल्यासारख्यांच्याच साध्या, कधी शून्याच्या नोंदी लागतात. तुमच्या भागातल्या गणनेत एकदा तरी सामील व्हा. अनुभवी माणसाबरोबर एका सकाळी जितकं कळतं तितकं महिनाभर एकट्याने कळत नाही.

आणि जर पक्षी सापडून मग हरवला, तर तो गेलाच असं धरू नका. स्टेलरचा एक समुद्रगरुड २०२० मध्ये अलास्कात आतल्या भागात दिसला, मार्च २०२१ मध्ये टेक्सासमध्ये, त्या उन्हाळ्यात पूर्व कॅनडात, डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या टाँटन नदीवर आणि काही दिवसांतच मेन राज्याच्या किनाऱ्यावर. पंखांवरच्या खुणा जुळवून तो एकच पक्षी आहे हे लोकांनी ओळखलं. तुमचा पक्षी बहुधा इतका लांब जाणार नाही. तो जवळच्याच गोदीत, पुढच्या नाल्याच्या मुखाशी, त्याच थव्याबरोबर असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाऊ नका. कालच्या भरतीची स्थिती पाहा आणि आज तशीच स्थिती जेव्हा येईल तेव्हा, म्हणजे सुमारे ५० मिनिटं उशिरा, त्याच थांब्यावर उभे राहा. आधी ज्या थव्यात तो होता तो थवा शोधा. तो सापडला की डावीकडच्या टोकापासून पहिला पक्षी पाहायला घ्या.